परिचारिकेच्या मनगटावरील घड्याळ

परिचारिकेने मनगटावर कोणते घड्याळ बांधावे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो काय? वरवर पाहता तो बाजारहाटाचा प्रश्न आहे. दुकानात जावे, चार घड्याळे पाहावीत आणि खिशाला परवडेल ते घ्यावे, एवढाच त्याचा विस्तार. परंतु आपल्या नैतिक जीवनाचा फार मोठा भाग अशाच किरकोळ भासणाऱ्या निवडींतून घडत असतो. मोठे निर्णय आयुष्यात मोजकेच येतात. लहान निर्णय रोज येतात, आणि त्यांनीच माणसाच्या मनाला वळण लागते. एखादी वस्तू निवडताना आपण ती कोणासाठी निवडतो आहोत, हे नकळत ठरवून टाकतो. प्रस्तुत लेखात त्या ‘कोणासाठी’चा विचार करावयाचा आहे.

आपल्या समाजातील कितीतरी मुली शुश्रूषेच्या व्यवसायात आहेत. मुलगी परीक्षा उत्तीर्ण होऊन रुग्णालयात रुजू होण्यास निघाली की घरचे लोक, मामा-मावश्या हौसेने तिला घड्याळ भेट देतात. ते बहुधा नाजूक, सोनेरी असते. तबकडीवर आकड्यांऐवजी चार चमकते खडे असतात आणि सेकंदकाटा नसतो. लग्नसमारंभात ते शोभून दिसते. मात्र रात्री तीन वाजता, वॉर्डातील मंद दिव्याखाली, धाप लागलेल्या आजाऱ्याच्या खाटेशी ते घड्याळ मुके होते. ते दागिना म्हणून घडवलेले असते, आणि दागिना धारण करणाऱ्याविषयी बोलतो. परिचारिकेच्या घड्याळाने दुसऱ्या कोणाविषयी तरी बोलावयाचे असते.

ते काय बोलते, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपण घड्याळ पाहतो ते किती वाजले हे कळावे म्हणून. परिचारिका दिवसातून शेकडो वेळा घड्याळाकडे पाहते, पण त्यातील बहुतेक वेळा तिला किती वाजले याच्याशी कर्तव्य नसते. तिला हवे असते एक मिनिट. त्या मिनिटात नाडीचे किती ठोके पडले, छाती किती वेळा वर आली, सलाइनचे किती थेंब पडले, हे तिला मोजावयाचे असते. १००० मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यावयाचे असेल आणि नळीतून २० थेंबांना एक मिलिलिटर जात असेल, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. ते फार भरभर गेले तर अशक्त हृदयावर भार येतो. फार सावकाश गेले तर औषध वेळेवर पोहोचत नाही. हा सारा हिशेब एका बारीक काट्याच्या फेरीवर अवलंबून असतो.

या काट्याला इतिहास आहे. गॅलिलिओने पिसा येथील कॅथेड्रलमध्ये झुलणाऱ्या दिव्याचे हेलकावे स्वतःच्या नाडीवर मोजले, अशी कथा सांगतात. म्हणजे आधी नाडी हेच घड्याळ होते. पुढे हा संबंध उलटला. १७०७ साली सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडीच्या घड्याळाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ त्याने खास या कामासाठी करवून घेतले होते. त्यापूर्वी वैद्य नाडीचे वर्णन करीत. आपल्याकडील वैद्यही तीन बोटे ठेवून तिची गती आणि प्रकृती ओळखीत. बोटांची ती जाण आजही टाकाऊ ठरलेली नाही. नाडी भरलेली आहे की दुबळी, हे आकडा सांगत नाही, बोट सांगते. परंतु आकड्यामुळे एक मोठी गोष्ट साध्य झाली. सकाळच्या परिचारिकेने पाहिलेले रात्रीच्या परिचारिकेला कळू लागले. एकीची जाण दुसरीच्या हाती सोपवता येऊ लागली.

मग ‘वाचावयास सोपे’ घड्याळ म्हणजे नेमके कसे? आयुष्यभर रुग्णसेवा करून निवृत्त झालेल्या एका बाईंना मी हे विचारले. त्या म्हणाल्या, “फादर, घड्याळ वाचावं लागलं तर ते आमच्या कामाचं नाही. ते नुसतं दिसलं पाहिजे.” नंतर त्यांनी समजावून सांगितले. श्वास मोजताना आजाऱ्याला तसे सांगत नाहीत, कारण सांगितले की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी पाहिल्यावर त्याचा हात हातातून न सोडता तो त्याच्याच छातीवर अलगद टेकवून ठेवावयाचा. आता छातीची हालचाल आणि आपले मनगट एकाच नजरेच्या टप्प्यात येतात. मनात मोजणी सुरू असते: अकरा, बारा, तेरा. अशा वेळी समोर आकडे पालटणारे घड्याळ असेल तर तिकडचे आकडे मनातल्या आकड्यांत मिसळतात. काट्याचे तसे नाही. काटा कोठून निघाला आणि कोठे आला, हे डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळते.

म्हणून पांढरी तबकडी, ठळक काळे बारा आकडे, मिनिटांच्या साठही खुणा, वेगळ्या रंगाचा लांब सेकंदकाटा, अंधारात उजळणारे काटे आणि पाण्याने धुता येईल असा पट्टा, हे गुण पाहावयाचे. ही सोय परिचारिकेची आहे असे वाटते. वस्तुतः ती आजाऱ्याची सोय आहे. घड्याळ समजून घेण्यात जेवढे लक्ष खर्च होते, तेवढे त्याच्या वाट्यातून कमी होते.

येथे प्रश्नाचा गाभा येतो. १५ सेकंद मोजून चाराने गुणण्याची पद्धत घाईच्या वेळी सर्रास वापरली जाते. तिचा परिणाम पाहा. १५ सेकंदांत चार श्वास मोजले तर १६ होतात, पाच मोजले तर २०, सहा मोजले तर २४. मधले आकडे या पद्धतीत येऊच शकत नाहीत. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आजाऱ्याची प्रकृती ढासळत असल्याचे वेळीच ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत प्रसृत केली. तिच्यात मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास निर्धास्त मानले आहेत आणि २१ पासून सावधगिरीचे गुण सुरू होतात. म्हणजे घाईत गाळलेला किंवा जास्त धरलेला एकच श्वास आजाऱ्याला एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात ढकलू शकतो.

याहून गंभीर गोष्ट अशी की पुष्कळदा मोजणी होतच नाही. ऑस्ट्रेलियातील एका वैद्यकीय नियतकालिकाने २००८ साली श्वासगतीचा उल्लेख दुर्लक्षित लक्षण असाच केला होता. प्रकृती बिघडू लागल्याचे हे लक्षण फार लवकर दिसणाऱ्यांपैकी असूनही तेच सर्वांत कमी मोजले जाते. रुग्णालयांच्या नोंदी तपासणाऱ्यांना १८ आणि २० हे आकडे ओळीने आढळतात. जणू साऱ्या वॉर्डाने एकाच लयीत श्वास घ्यावयाचे ठरवले आहे! तसा आकडा लिहिणारी व्यक्ती स्वतःला असत्यवादी समजत नाही. आजारी बरा दिसतो, आकडा साधारण तेवढाच असणार, एवढाच तिचा विचार असतो. बहुधा तो बरोबरही निघतो. तथापि, न पाहता केलेले विधान योगायोगाने खरे ठरले म्हणून ती साक्ष होत नाही. तक्त्यावरील प्रत्येक आकडा म्हणजे ‘मी पाहिले’ अशी साक्ष असते, आणि त्या साक्षीवर दुसरा कोणीतरी औषध ठरवीत असतो. आठव्या आज्ञेचा विचार करताना आपण चावडी आणि न्यायालय डोळ्यांपुढे आणतो; खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तक्ता आपल्याला आठवत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, उत्तम घड्याळ बांधूनही खोटा आकडा लिहिता येतो. हे खरे आहे. साधन सद्गुण देत नाही. परंतु वाईट साधन सद्गुणाला महाग करते, आणि दमलेल्या माणसाकडून महागडा सद्गुण रोज मागणे अन्यायाचे आहे. जे योग्य ते सोपेही असावे, अशी व्यवस्था करणे हेही नीतीचेच काम आहे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. एका परिचारिकेकडे ४० आजारी असतील, तर केवळ श्वास प्रामाणिकपणे मोजावयास ४० मिनिटे लागतात; नाडी, औषधे, मलमपट्टी आणि नातेवाइकांचे प्रश्न वेगळेच. मग खोट्या २०चे पाप कोणाच्या माथी? तिच्यापुरते ते तिचे आहे. पण ज्या व्यवस्थेने ते मिनिट तिला दिलेच नाही, ती व्यवस्था हात धुऊन मोकळी होऊ शकत नाही. पिलातानेही हात धुतले होते.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या अकराव्या भागात काळाचा शोध घेतला आहे. गेलेला काळ उरलेला नाही, येणारा अजून आलेला नाही, आणि आताचा क्षण तर क्षणभरही थांबत नाही; मग आपण मोजतो ते काय? स्तोत्र म्हणणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊन ते म्हणतात की आपण मनात मोजतो. म्हणून झालेले स्मरणात असते, म्हणावयाचे अपेक्षेत असते आणि अवधान या दोहोंना जोडते. श्वास मोजणाऱ्या परिचारिकेला हे तत्त्वज्ञान वेगळे शिकवावे लागत नाही. झालेले तेरा श्वास तिच्या स्मरणात आहेत, चौदाव्याची ती वाट पाहते आहे, आणि त्या दोहोंमध्ये तिने आपले मन त्या देहापाशी ताणून धरले आहे. आजाऱ्याला पवित्र तेल लावण्यास जाण्याचा प्रसंग आम्हा धर्मगुरूंवर वारंवार येतो. शेवटच्या घटकेला दोन श्वासांमधले अंतर वाढत जाते. त्या अंतरात साऱ्या खोलीचे मन पुढील श्वासाच्या अपेक्षेत थांबलेले मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी कळते की मोजणे ही कोरडी क्रिया नव्हे. ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याचेच श्वास आपण मोजतो.

‘सोपे’ या शब्दाचा सर्वांत खोल अर्थ मला आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, सापडतो. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्याची एक साधी खूण आहे: दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, आणि एक वर्षाच्या आतील त्याहून मोठ्या बाळाचे ५० किंवा अधिक. पण खेड्यातील ज्या सुईणी बाळापाशी सर्वांत आधी पोहोचत, त्यांना ५० पर्यंत मोजता येत नसे, घड्याळ वाचणे तर दूरच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्यांनी या बायकांना अडाणी म्हणून बाजूला सारले नाही. त्यांच्यासाठी श्वास मोजण्याचे साधन बनवले. एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि सोबत तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी मणी ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेले की बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून उपचार सुरू करावयाचे. गावातच निदान आणि उपचार करण्याच्या त्यांच्या प्रयोगात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू लक्षणीय घटले, आणि १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो प्रयोग प्रसिद्ध झाला. आकडे नाहीत, काटे नाहीत, तरी ते परिचारिकेचे आदर्श घड्याळ आहे. कारण ते घडवताना प्रथम त्या सुईणीकडे आणि तिच्या मांडीवरील बाळाकडे पाहिले गेले.

आज बाजारात नवी घड्याळे आली आहेत. ती निरोप दाखवतात, मनगटावर थरथरतात, आणि बांधणाऱ्याच्या स्वतःच्या हृदयाचे ठोके अहोरात्र मोजतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेणे हेही कर्तव्यच आहे. तरी दिशेतला फरक ध्यानात घ्यावा. ते घड्याळ मालकाची नाडी पाहते. परिचारिकेचे घड्याळ परक्याची. काही ठिकाणी तर घड्याळ मनगटावर ठेवण्यासही मनाई आहे. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ साली कोपरापासून खाली हात मोकळे ठेवण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हा तिकडे नोकरीस जाणाऱ्या मुलींनी छातीशी लटकवण्याचे घड्याळ घ्यावे. त्याची तबकडी उलटी टांगलेली असते. समोरच्याला ते उलटे दिसते. वर उचलून पाहणारीला मात्र सुलटे. देखाव्याचा मोह त्याच्या बनावटीतच मोडून काढलेला आहे.

आईवडिलांना आणि मामा-मावश्यांना माझी विनंती आहे की, मुलीला सोनेरी घड्याळ अवश्य द्या, ते सणासुदीला वापरू द्या. पण रुग्णालयात जाण्यासाठी एक साधे, ठळक आकड्यांचे, सेकंदकाट्याचे घड्याळही द्या. ते स्वस्त मिळते. देताना ते कशासाठी आहे हेही तिला सांगा. आणि ज्यांच्या हाती रुग्णालयांचा कारभार आहे, त्यात आपल्या संस्थांचे विश्वस्तही आले, त्यांनी एक हिशेब करावा. आपल्या वॉर्डातील प्रत्येक आजाऱ्यासाठी एक संपूर्ण मिनिट काढता येईल इतक्या परिचारिका आपण नेमल्या आहेत काय? नसतील, तर तक्त्यावरील २०चा आकडा तिच्या हाताने उमटलेला असला, तरी त्याखाली आपलीही सही आहे.