शिंगांसाठी कोवळा जीव?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार होते. मोठ्या, फाटेदार शिंगांचे डोके भिंतीवर टांगणे हा तेथे मान समजतात. म्हणून दीड वर्षाच्या नराला पहिली शिंगे बिनफाट्याची, सुळ्यासारखी आली की काही रानांचे मालक त्याला मारवितात. ते म्हणतात, हे बीजच हलके. राहिले तर सारा कळप बिघडेल.

हे खरे आहे काय? केर येथील सरकारी क्षेत्रात 1970 च्या दशकापासून कोंडलेल्या हरणांवर प्रयोग झाले. त्यांतून या मताला आधार मिळाला. पण शिंगे दरवर्षी गळतात व नवी येतात. उशिरा जन्मलेल्या, दुष्काळात अर्धपोटी वाढलेल्या पाडसाला ती प्रथम खुरटी येतात. पाच-सहा वर्षांचा झाल्यावर तोच नर भरदार दिसू शकतो. दक्षिण टेक्सासमधील कोमांची रँचवर मोकळ्या हरणांत अनेक वर्षे अशी निवड करून मारून पाहिले. शिंगे सुधारली नाहीत.

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. चाऱ्यावाचून कळपच मरू लागला, तर गरजेचा विचार करावा लागेल. भिंतीच्या शोभेसाठी मारणे ही मात्र निव्वळ इच्छा होय.

उपासमारीची खूण पाहून ‘जन्मच हलका’ असा निवाडा देणे, हा अन्याय आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. बंधुभगिनींनो, मुक्या जीवाच्या वाट्याला आला म्हणून तो न्याय ठरत नाही.