तूस नसलेलं कांडण

ज्या कारणासाठी एखादा आचार घरात आला ते कारणच उरलं नाही, तर तो पाळत राहणं हा धर्म की नुसती सवय? आणि सोडला तर दोष लागतो का? लंडनमधल्या हॅरोत आम्हा मराठी मंडळींच्या घरी हा विषय दर सणाला निघतो आणि लगेच मिटवलाही जातो. एक जण म्हणतो, "चालत आलंय ते चालू द्या." दुसरा म्हणतो, "आता कशाला ती कटकट?" मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत. माझं काम घराघरांतल्या टेलिफोन सॉकेटच्या वायरिंगचं. बाबा वाईला संस्कृत शिकवायचे, त्यामुळे मीमांसेतली, म्हणजे यज्ञविधींच्या शास्त्रातली, उदाहरणं जेवणाच्या पाटावर ऐकत मी वाढलो. या दोन्हींनी मला जे शिकवलं ते सांगतो.

इथल्या जुन्या घरातून "इंटरनेट फार मंद चालतंय" असा निरोप आला की मी आधी मास्टर सॉकेट शोधतो. रस्त्यावरून येणारी तांब्याची जोडी घरात शिरते, तो हा डबा. त्याच्या खालच्या अर्ध्या झाकणाचे दोन स्क्रू काढले की झाकण हातात येतं आणि आत चाचणीचं आणखी एक सॉकेट दिसतं. झाकण निघाल्याबरोबर घरातली सगळी एक्स्टेन्शनं सुटलेली असतात. राउटर थेट आतल्या सॉकेटला लावायचा आणि वेग बघायचा. इथे वेग वाढला, तर बाहेरची लाइन चांगली आहे आणि दोष घरातल्या तारांत आहे.

मग झाकण उलटं करायचं. दोन आणि पाच नंबरच्या खाचांत निळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या दोन तारा रुतवलेल्या असतात. बोलणं आणि इंटरनेट दोन्ही या जोडीवरून येतं. तीन नंबरच्या खाचेत मात्र एक नारिंगी तार असते. ती घंटीची तार.

ही तार कुणी उगाच घातलेली नाही. १९८१ च्या सुमाराला ब्रिटनमध्ये प्लग-सॉकेटची पद्धत आली, तेव्हा फोनमध्ये खरोखरीची घंटा असायची. एक्स्चेंज घंटीसाठी २५ हर्ट्झचा प्रवाह पाठवतं. मास्टर सॉकेटमधला १.८ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर तो प्रवाह या तिसऱ्या तारेवर घालतो आणि घरभरच्या घंटा त्यावर वाजतात. एका खोलीत कुणी तबकडी फिरवली तर दुसऱ्या खोलीतली घंटा किणकिणू नये, हीसुद्धा काळजी त्या मांडणीत होती. ज्यांनी ती योजली त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

आजचे बहुतेक फोन दोन तारांवरच वाजतात. नारिंगी तार तशीच राहिली आणि ती निरुपद्रवी नाही. जोडीतल्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो. बाहेरचा विजेचा गोंगाट दोघींवर जवळपास सारखाच पडतो आणि टोकाचं यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचतं, म्हणून तो गोंगाट आपोआप वजा होतो. शंभराहून अधिक वर्षं टेलिफोन या समतोलावर चालला. नारिंगी तार कपॅसिटरमधून जोडीच्या एकाच बाजूला लागलेली असते. त्यामुळे समतोल ढळतो आणि घरभर फिरलेली ती तार अँटेनासारखी गोंगाट गोळा करते. तांब्याच्या तारेवरच्या इंटरनेटची, म्हणजे एडीएसएलची, सुधारित आवृत्ती २.२ मेगाहर्ट्झपर्यंत चालते. रेडिओच्या मध्यम लहरी, ५२६ ते १६०६ किलोहर्ट्झ, नेमक्या त्याच पट्ट्यात येतात. अंधार पडल्यावर दूरदूरची स्टेशनं ऐकू येऊ लागतात, आणि काही घरांत दिवसा बरी चालणारी लाइन रात्री तुटायला लागते ती यामुळेच.

उपाय छोटा आहे. नारिंगी तार खाचेतून ओढून काढायची. कापायची नाही, मागे दुमडून केबलभोवती गुंडाळून ठेवायची.

आता मीमांसा. जैमिनीच्या सूत्रांचा दहावा अध्याय बाधाचा आहे. मूळ यागातला एखादा विधी दुसऱ्या यागात कधी गळतो, याची चर्चा तिथे आहे. मूळ यागात भात कांडायचा असतो, कारण त्याचं तूस निघायला हवं. एका इष्टीत मात्र धान्याच्या जागी कृष्णल, म्हणजे गुंजेएवढे सोन्याचे तुकडे, वापरायचे असतात. मग सोनंही उखळात घालून कांडायचं का? मीमांसक म्हणतात, नाही. तूसच नाही, तर कांडण गळलं, आणि त्यामुळे कर्मात उणीव राहत नाही. शिजवणं मात्र गळत नाही. सोनं शिजून मऊ होणार नाही हे त्यांनाही कळत होतं, पण ते तुपात शिजवा असं स्वतंत्र, स्पष्ट वचन आहे.

बाबा हे सांगताना थांबायचे आणि म्हणायचे, "बघ, कर्मकांडाचं सगळ्यात कडक शास्त्र हे सांगतंय, कुणी सुधारक नव्हे." ज्या वाईत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचं प्रचंड काम केलं, तिथे असं म्हणताना बाबांना कुणाची भीती वाटत नसे. "कशाला ती कटकट" हे उत्तर मला यामुळेच नको वाटतं. त्यात कारण शोधण्याची तसदी नाही, शिजवणं आणि कांडणं यांतला भेद नाही. आणि हल्ली प्रत्येक रूढीला एखादं वैज्ञानिक कारण चिकटवून ती वाचवण्याची जी हौस आली आहे, तीही मला तितकीच वाईट वाटते. मीमांसक आधी दिसणारं प्रयोजन बघत, ते नसेल तर वचन बघत. प्रयोजन रचत नसत.

आमच्याच घरातलं सांगतो. वाईला रात्री शिळं पाणी ओतून सकाळी हंडा ताजा भरायचा, असा नेम होता. आड आणि नदीच्या काळात त्याला सरळ अर्थ होता. हॅरोमध्ये नळ उघडला की ताजं पाणी येतं. तरी तांब्याचा हंडा रोज भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी रोपांना पुरून उरलेलं सगळं सिंकमध्ये ओतायचं, हे आम्ही बरीच वर्षं केलं. पाणी फक्त ओतण्यासाठी भरलं जात होतं. याला मी सोनं कांडणं म्हणतो.

पण तार काढण्याआधी मी प्रत्येक घरात एक गोष्ट विचारतो. घंटेचा जुना फोन अजून कुणी वापरतं का? मागे एका मराठी घरी मुलगा म्हणाला, "कुणी नाही, काढा." वरच्या मजल्यावरून आजींचा आवाज आला, "माझा आहे रे." त्यांच्या पलंगाशेजारी तबकडीचा जड फोन होता. त्यांना कमी ऐकू यायचं. हल्लीच्या फोनची पिपाणी कळायची नाही, खरी घंटा कळायची. पुण्याहून बहिणीचा फोन त्या त्याच घंटेवर ओळखायच्या. मी खालची नारिंगी तार सोडवली आणि आजींच्या सॉकेटला असा फिल्टर लावला ज्यात घंटीचा कपॅसिटर आतच असतो. त्यांची घंटा पहिल्यासारखी वाजली. घरभरच्या तारांना तिचं ओझं राहिलं नाही, आणि मुलाच्या खोलीतली लाइन रात्री तुटायची थांबली.

हंड्याचंही आम्ही असंच केलं. बायको म्हणाली, पाणी भरताना तिला तिची आई आठवते. हे नेमाचं मूळ प्रयोजन नव्हे, पण खोटंही नव्हे. हंडा माळ्यावर गेला. देवापुढचा तांब्या ती रोज भरते आणि ते पाणी तुळशीच्या कुंडीला घालते.

म्हणून माझं मत असं आहे. प्रयोजन संपलेला आचार सोडल्याने दोष लागत नाही. पण प्रयोजन संपलं आहे हे सोडणाऱ्याने आधी शोधून काढायला हवं, आणि त्या आचारावर घरात अजून कुणाचं काही अवलंबून आहे का हे विचारायला हवं. सुनेने केलं नाही म्हणून तिला बोल लावणाऱ्यांनी तर हे आधी करावं, कारण तूस आहे की नाही हे न बघता दुसऱ्याच्या हातात मुसळ द्यायचा अधिकार कुणालाच नाही. यंदा गौरींच्या तयारीची यादी कराल, तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि एकेका ओळीला विचारा: हे कशासाठी करायचं, आणि आज ते कुणाला हवं आहे?