चाळीस दिवसांची मुदत

थोरला पहिल्यांदा तबलिगी जमातीत निघाला तेव्हा मी त्याच्या कुर्त्याला आतून चोरखिसा शिवला. आमच्या निजामपुऱ्यात हे काही नवं नाही. मशिदीत बयान संपलं की तश्कील होते: तीन दिवस कोण देणार, चिल्ला म्हणजे चाळीस दिवस कोण, चार महिने कोण? मुलं उभी राहून नावं देतात. आईला कळतं ते नंतर. "अम्मी, नाव दिलंय," एवढंच तो म्हणाला. जाणार म्हणून नाही, विचारलं नाही म्हणून मला लागलं.

शिवताना नानीची गोष्ट आठवत होती. अब्दुल कादिर जिलानी शिकायला बगदादला निघाले, तेव्हा आईने चाळीस दिनार कपड्यात शिवून दिले आणि खोटं न बोलण्याचं वचन घेतलं. दरोडेखोरांनी अडवल्यावर मुलाने खरं तेच सांगितलं आणि ते शरमले. नानीची गोष्ट इथे संपायची. या दुनियेत पुन्हा भेट नाही हे त्या आईने निरोप देतानाच ओळखलं होतं, हा भाग मी मोठेपणी वाचला.

जुन्या गोष्टींतला मुलगा असाच जायचा, परतीची तारीख न देता. रामदासांची गोष्ट मराठी शाळेत ऐकलेली. 'सावधान' ऐकून बारा वर्षांचा नारायण मांडवातून पळाला आणि 24 वर्षांनी जांबेला घराच्या दारात उभा राहिला. आम्ही सगळ्या मुली नारायणाच्या मागे रानावनात हिंडलो. वाट पाहून डोळे गेलेल्या त्याच्या आईपाशी, राणूबाईंपाशी, कुणी थांबलं नाही, मीही नाही.

आईबापांना विचारायला हवं, हा विचार मात्र फार जुना आहे. गौतम बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, दीक्षा दिली, तेव्हा आजोबा शुद्धोदन कळवळले. आईवडिलांच्या संमतीशिवाय कुणाच्या मुलाला संघात घेऊ नये, असं त्यांनी मागितलं आणि बुद्धांनी तसा नियम केला. त्या मागणीत राहुलच्या आईचा आवाज ऐकू येत नाही, हे मला खुपतं. आमच्याकडे हदीस आहे: लढाईला जायची परवानगी मागणाऱ्याला पैगंबरांनी विचारलं, आईवडील हयात आहेत का? हो म्हटल्यावर त्याला त्यांच्याच खिदमतीत झटायला सांगितलं. आईची सेवा सोडवली नाही म्हणून यमनचे उवैस करनी पैगंबरांच्या भेटीला जाऊ शकले नाहीत, तरी त्यांचा दर्जा कमी झाला नाही.

ही हदीस मी थोरल्याला ऐकवली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तू नको म्हण, नाव काढतो." मला नको म्हणवलं नाही. माझं मन मला तेव्हा कळलं: त्याला अडवायचं नव्हतं, फक्त त्याने माझ्यासमोर थांबायला हवं होतं.

मला धीर दिला तो मुदतीने. 1920च्या दशकात मौलाना मुहम्मद इलियास यांनी मेवातमध्ये हे काम उभं केलं. शेतकरी-कारागिराने संसार सोडायचा नाही, ठरावीक दिवस काढायचे, स्वतःच्या खर्चाने फिरायचं, शिकायचं आणि परत कामाला लागायचं. मला यातलं मोठेपण हे वाटतं की संन्यासाशिवाय निघणं साध्या माणसाला जमू लागलं आणि आईच्या हातात मोजता येणारे दिवस आले. अमेरिकेतल्या मॉर्मन घरांतले मुलगेही अठराव्या वर्षानंतर दोन वर्षांसाठी असेच धर्मकार्याला जातात. 2019 पर्यंत त्यांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असे, नाताळला आणि मातृदिनाला. त्या फोनआधी त्या आयांना रात्री झोप लागत असेल का?

मुदतीचा हा आधार 2020 मध्ये तुटला. थोरला परराज्यातल्या एका मशिदीत होता. त्याचा एकोणिसावा दिवस उलटला आणि 25 मार्चपासून कोरोनामुळे देश बंद झाला. लूमची खडखड थांबल्यावर मोहल्ल्यात टीव्हीचेच आवाज येऊ लागले, आणि त्यात, साथ पसरवल्याचा ठपका ठेवत, 'तबलिगी' हा शब्द शिवीसारखा. दूध आणायला जाताना मुलगा कुठेय हे कुणाला सांगावंसं वाटेना. त्याला विलगीकरणात ठेवलं होतं. फोनवर तो म्हणायचा, "जेवलोय, अम्मी." चाळीस उलटले, साठ उलटले, मग मी मोजणं सोडलं. 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. थोरल्याने ती बातमी मला वाचून दाखवली, तेव्हा तो घरी येऊन दोन महिने झाले होते.

परतलेला मुलगा मशिदीत कारगुजारी, म्हणजे फिरतीचा वृत्तांत, सांगतो. माझ्या वाट्याला ती स्वयंपाकघरात आली. जेवल्यावर त्याने स्वतःचं ताट धुतलं, मग माझंही. डाळ करायला तो तिकडेच शिकला होता. माझ्या हातची नव्हती ती डाळ. कुणा दुसऱ्याच्या घरची चव त्याच्या हाताला लागली होती. मी दोनदा वाढून घेतली.

धाकट्याने यंदा नाव देण्याआधी विचारलं. त्याच्या अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, मी नको म्हणाले. तो थांबला, तोंड न पाडता. कुर्त्याचं कापड मात्र मी आणून ठेवलंय.