‘ही काही खातच नाही’ म्हणणाऱ्याला

काल दुर्गदबैलच्या बाजारात मी तुला काही बोलले नाही. तुझी बायको शेजारी उभी होती, गिरमिटाच्या गाडीभोवती निम्मं गाव जमलं होतं आणि तुझ्या हातात सिगारेट होती. मला, तुझ्या शाळेतल्या बाईंना, बघताच ती पाठीमागे नेलीस. तेवढी लाज अजून शिल्लक आहे, बरं वाटलं. पण हात लपला तरी धूर लपत नाही. तो सरळ तिच्या तोंडावर जात होता.

वर तूच सांगितलंस, ‘‘बाई, सहावा महिना आहे. डॉक्टर म्हणतात बाळाची वाढ कमी दिसते. ही काही खातच नाही.’’ ती बिचारी मान खाली घालून उभी.

आता ऐक. मध्ये बोलायचं नाही.

सातवीत तुम्हाला वाटीत ओल्या कापसावर हरभरे ठेवायला सांगितले होते, आठवतं? सगळ्यांच्या हरभऱ्यांना बोटभर मोड आले, तुझे सुरकुतले. तेव्हा म्हणालास, ‘‘बाई, माझा हरभराच खराब होता.’’ अख्ख्या वर्गाला हरभरे एकाच पिशवीतले दिले होते रे! शनिवार-रविवार पाणी घालायला तू विसरलास. सोमवारी तांब्याभर ओतलंस, काही उपयोग झाला नाही. आज बाप व्हायला निघालास आणि अजून दोष हरभऱ्यालाच देतोस?

परवा हळदीकुंकवाला तुझ्या घरी आले होते. दुपारचे तीन वाजले होते. तुमची सगळ्यांची जेवणं कधीच आटोपली होती आणि ती स्वयंपाकघरात एकटी जेवत होती. ताटात अर्धी भाकरी, शेंगाचटणी आणि पातेल्याच्या तळाचं वरण. लोहाची गोळी घेतली ती चहाच्या घोटाबरोबर. चहाने लोह नीट अंगी लागत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मोरीच्या कट्ट्यावर मिश्रीचा डबा. तुझ्या आईने कौतुकाने सांगितलं, ‘‘मळमळतं म्हणते, म्हणून मीच दिली थोडी लावायला.’’ मागच्या दारी आंघोळीचा हंडा तापत होता, चुलीत लाकडांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या जळत होत्या आणि फुंकर घालायला पुन्हा तीच. नळाला पाणी येतं त्या दिवशी घागरी कोण भरतं, हे मी विचारलंच नाही. तिचे हात बघून कळलं.

आणि तू म्हणतोस, ही खात नाही!

पोटातलं बाळ स्वतः काही खात नाही. आईच्या रक्तातून वारेला जे पोचतं, त्यावर ते वाढतं. आईचं रक्त पातळ, म्हणजे हिमोग्लोबिन अकराच्या खाली, तर बाळाला प्राणवायू कमी. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, मग वारेकडे रक्तच कमी जातं. सिगारेटच्या आणि चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दाताला लावली काय आणि चघळली काय, रक्तात उतरतेच. मुंबईत गरोदर बायकांची पाहणी झाली, २००४ साली ती छापून आली. मिश्री आणि तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवसही आधी भरले. तुझ्या आईंना हे माझं नाव घेऊन सांग. मळमळीला औषध डॉक्टर देतील.

दुसरं ऐक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. गरोदरपणाआधी त्यांचं वजन सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास, बाळं सुमारे २.७ किलोची. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं हातापायांनी काडी, पण अंगावर चरबी त्या मानाने राखून. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त. म्हणजे आज तू जे दुर्लक्ष करतोस, त्याचं बिल चाळीस वर्षांनी तुझं पोर भरणार. त्याच अभ्यासात दिसलं की पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं चांगली भरली. आणि ज्यांना पाणी वाहण्यासारखी जड कामं जास्त, त्यांची बाळं लहान.

यात कुठे महागडी पावडर आहे का? ज्या दुर्गदबैलात तू गाडीवर उभा होतास, तिथल्याच बाजारात मेथी, शेपू, राजगिरा मिळतो. अंबाडीच्या, म्हणजे आपल्याकडच्या पुंडीच्या, जुड्या मिळतात. भज्यांच्या बशीत जी नोट घालतोस, तीत दोन जुड्या येतात.

‘‘मग लग्नाआधीपासूनच खायला हवं होतं,’’ असं म्हणशील. हो, हवंच होतं. मुंबईच्या वस्त्यांत बायकांना रोज पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ देऊन पाहिलं. गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाल्लेल्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. अगदी किडकिडीत बायकांना तेवढाही फायदा दिसला नाही. मोड यायच्या आधीच पाणी लागतं, ते हेच. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मिटते, तेव्हा बहुतेक घरांत बातमीही कळलेली नसते. म्हणून फोलिक अ‍ॅसिड आधीपासून घ्यायचं. तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय ना? हे तिच्यासाठी लक्षात ठेव.

पण उशीर झाला म्हणून हात झटकू नकोस. बाळ निम्म्याहून जास्त वजन शेवटच्या तीन महिन्यांतच घेतं. ते तीन महिने अजून तुझ्या हातात आहेत. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण करणार म्हणे, फोटोवाला ठरलाय, फुलांची धनुष्यबाण वाडी ठरलीय. एक दिवस पंचपक्वान्नं आणि उरलेले दिवस पातेल्याचा तळ! फोटोवाल्याचे पैसे दूधवाल्याला दे.

आणि अंगणवाडीत जायला म्हणे तुम्हाला कमीपणा वाटतो. आपल्या कर्नाटकात २ ऑक्टोबर २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत गरोदर बाईला तिथे गरम जेवण मिळतं, अंडं मिळतं, दूध मिळतं. सरकार वाढतंय आणि घरची माणसं लाजतायत!

पण म्हणून ‘दोन जिवांचं खा’ म्हणत तिला तूप-साखरेने कोंबू नका. गरोदरपणी साखर वाढली की बाळ नको तेवढं मोठं होतं, तेही धोक्याचंच. ‘तायी कार्डा’वर, म्हणजे तिच्या गरोदरपणाच्या कार्डावर, वजन, रक्तदाब, रक्त, साखर यांच्या नोंदी भरल्यात का, हे तू बघायचं. डॉक्टरांनी सोनोग्राफीला बोलावलं की बरोबर तू जायचं. तिच्या एकटीच्या पिशवीत फाइल देऊन रिक्षात बसवून द्यायचं नाही.

आता गृहपाठ. आजपासून ती पहिल्या पंगतीला बसेल आणि तू तिच्या शेजारी बसून जेवशील. घागरी तू भरशील. हंड्याखालचं प्लास्टिक बंद. गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा दोन तासांनी. मिश्रीचा डबा कचऱ्यात. पुन्हा कुणासमोर ‘ही खात नाही’ म्हणालास तर आधी सांगायचं, तू काय आणून दिलंस.

रविवारी तिला घेऊन घरी ये, कार्डही आण. आणि खिशात सिगारेटचं पाकीट असेल तर तू दाराबाहेरच थांब, तिला आत पाठव.