रक्तातली बातमी

ऑपरेशन होते, गाठ निघते, टाके सुकतात. मग घरात एकच प्रश्न उरतो : तो परत येईल का? कर्करोगाचे नावसुद्धा आपण घेत नाही, नुसते 'तो' म्हणतो.

या प्रश्नावर आता रक्त काही सांगू लागले आहे. मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. गाठ काढल्यानंतरही तिची जनुकीय खूण असलेले तुकडे रक्तात सापडले, तर स्कॅनमध्ये न दिसणारा रोग कुठेतरी शिल्लक असण्याची शक्यता फार मोठी. काही बुजुर्ग विचारतात, गैबचे इल्म अल्लाहला. मग प्रयोगशाळेने भाकीत का करावे? हा आक्षेप आम्हांला पटत नाही. तपासणी उद्याचे सांगत नाही, आजचे सांगते. तुकडे न सापडलेल्यांपैकीही काहींचा रोग उलटतोच.

फायदा खरा आहे. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या टप्प्यातील आतड्याच्या कर्करोगाच्या ४५५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त तपासून ज्यांची केमो ठरवली, त्यांच्यात १५ टक्क्यांनाच ती दिली गेली; नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना. दोन वर्षांनी रोग न उलटलेले दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. कितीतरी जणांचे विनाकारण हाल वाचले.

पण तुकडे सापडले तर? तिसऱ्या टप्प्यातील अशा रुग्णांना अधिक कडक केमो देऊनही फायदा दिसला नाही, असे २०२५ साली जाहीर झाले. त्याच वर्षी मूत्राशयाच्या कर्करोगात मात्र अशा रुग्णांचे आयुष्य अ‍ॅटेझोलिझुमॅब या औषधाने वाढल्याचे दिसले. एकाच बातमीने एकाला औषध मिळते, दुसऱ्याला नुसती झोप गमवावी लागते.

आपल्या घरांत तर रिपोर्ट आधी मुलाच्या हातात पडतो. दाराबाहेरच ठरते, अम्मीला सांगायचे नाही. यात माया आहे, नाही असे नाही. पण कुणाचे कर्ज फेडायचे, हजला कधी जायचे, कुणाची माफी मागायची, हे हिशेब अम्मीचे आहेत. आणि रक्तही तिचेच. म्हणून सुई टोचण्याआधीच तिला विचारायला हवे : तुकडे सापडले तर उपचार बदलतील का, हे डॉक्टरांकडून समजून घे, मग सांग, तुला कळायला हवे का? केमोला फार उशीर चालत नाही, हेही तिला सांगावे. एवढे ऐकूनही ती 'ईद होऊ दे, मग बघू' म्हणाली, तर ईद होऊ द्यावी.