एकाच देवीला दोन नवस

'देवाने वाचवलं' असं आमच्या घरात कोणी म्हणायचं नाही. तसा नियम कोणी घालून दिला नव्हता, पण पाहुण्याच्या तोंडून ते निघालं की आजा उठून पडवीत जायचा. बरं, देवाशी त्याचं वाकडं होतं म्हणावं तर तसंही नाही. चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या पालखीला तो दरवर्षी जायचा. म्हातारा तुसडा आहे, एवढंच आम्ही पोरं समजत होतो.

उलगडा झाला 3 जून 2020 ला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं त्या दुपारी आम्ही सगळे मधल्या खोलीत दाटीवाटीने बसलो होतो. पडवीचे पत्रे एकेक करून सुटत होते. भिंतीला टेकून बसलेली आत्या एकदम म्हणाली, "आजा परत आला तेव्हाचा वारा असाच होता." मग पत्र्यांच्या आवाजावर आवाज चढवून ती बोलत राहिली.

1948 चा नोव्हेंबर. दिवाळी होऊन गेलेली. अरबी समुद्रात वादळं येतात ती पावसाळ्याच्या तोंडावर, नाहीतर पावसाळा सरल्यावर. जूनमधलं वादळ येतं तेव्हा होड्या बहुतेक ओढून वर घेतलेल्या असतात. नोव्हेंबरमधलं त्यांना भर समुद्रात गाठतं. 11 नोव्हेंबर 2009 ला आलेल्या फयानने तेच केलं. फयानच्या वेळी निदान वायरलेस होता. 1948 मध्ये शिडाच्या होड्या, आणि आभाळ बघून काय तो अंदाज. आजा आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच होडीवर होते. होडी उलटली आणि दोघे तुटलेल्या डोलकाठीला धरून राहिले. वादळ ओसरल्यावर आजा किनाऱ्याकिनाऱ्याने चालत घरी आला. दोन्ही तळव्यांची सालटं निघाली होती. भाऊ आला नाही.

आत्या तेव्हा दहा वर्षांची. तिला आठवते ती चूल. आजी आणि धाकटी आजी, दोघी जावा एकाच चुलीवर रांधायच्या. एकीचा नवरा पडवीत हातांना तेल लावून बसलेला आणि दुसरी तिथेच तांदळाच्या भाकऱ्या थापतेय. आजी तिच्यादेखत आनंद कसा करणार? आलेल्या माणसांनी 'एकवीरेनं राखलं' म्हटलं की भाकरी थापणारे हात थांबायचे. आजा उठून जायला लागला तो तेव्हापासून.

आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाला ही अडचण ठाऊक आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर दोन आक्षेप घेतले आहेत: वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. शंकराचार्य त्यावर पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो. भात उगवणार की जव, हे बियाण्यावर. तसं प्राण्याचं सुखदुःख त्याच्या कर्मावर. युक्तिवाद म्हणून बिनतोड आहे. पण हे धाकट्या आजीसमोर, ती भाकऱ्या थापत असताना, कोणी म्हणून दाखवावं. म्हणजे दोष बुडणाऱ्याचाच.

1934 च्या जानेवारीत बिहारला भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले होते की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला: निसर्गातल्या घटनेला निसर्गातलंच कारण असतं. मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. समुद्राचं पाणी तापतं, वर हवेचा दाब उतरतो, वादळ उठतं, एवढं मला पुरतं. मात्र एका भावाचा हात सुटला आणि दुसऱ्याचा टिकला, याला हवामानशास्त्रात उत्तर नाही. तिथे माणूस देवाला मध्ये आणतो, आणि आणला की तो पक्षपाती ठरतो.

आत्याने पुढे सांगितलं ते मी कुठल्या ग्रंथात वाचलं नव्हतं. वादळाच्या संध्याकाळी दोघी जावांनी एकवीरेला नवस बोलला होता. तोच नवस, जवळजवळ त्याच शब्दांत. धनी सुखरूप येऊ दे, ओटी भरीन. चैत्रात आजीची पाय उचलायची हिंमत होईना. धाकट्या आजीने स्वतः दोन खण, दोन नारळ काढले. म्हणाली, "बोललो ते द्यायचं." कार्ल्याच्या पायऱ्या दोघी बरोबर चढल्या आणि दोघींनी ओटी भरली.

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो लगेच म्हणाला, "लोक नावं ठेवतील म्हणून केलं असेल."

"लोकांना ठाऊकच नव्हतं," आत्या म्हणाली. "नवस बोलल्या तेव्हा दोघी गुडघाभर पाण्यात होत्या. तिसरी मीच."

मुलाची शंका मी मोडीत काढत नाही. बायकांवर रूढीचा धाक असतो, आणि बघणारं कोणी नसलं तरी तो सुटत नाही. पण नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा, हे माझं जुनं मत आता तसं राहिलेलं नाही. सौद्यात माल न मिळता कोणी पैसे मोजत नाही. धाकट्या आजीने मोजले. तिच्या घरात बसून, आपलं गाऱ्हाणं तेवढं देवीने ऐकलं, असं आजा कुठल्या तोंडाने म्हणणार होता?