ढेकूण कोणाचे?

फराळाचे ताट शेजारी ठेवून हा अंक चाळणाऱ्यांची आधीच क्षमा मागतो. कारण विषय ढेकणांचा आहे. पण दिवाळीच्या तोंडावर घरोघरी गाद्या उन्हात पडतात, पलंग उलटे होतात, तेव्हा या प्राण्याचे स्मरण आपण सारेच करतो. फक्त बोलत नाही. त्या न बोलण्याबद्दलच मला थोडे बोलायचे आहे.

लक्ष्मी कमळात का निजते, शंकर हिमालयावर का, आणि विष्णू भर समुद्रात का, याचे कारण एका जुन्या संस्कृत सुभाषितकाराने शोधून काढले आहे: ढेकणांची धास्ती! देवांचे बरे असते. त्यांना जागा बदलायला अनामत रक्कम लागत नाही. भाडेकरूला लागते, आणि म्हणून तो ढेकणांसकट राहतो.

२०१० ते २०१३ अशी तीन वर्षे मी पातूरला मास्तरकी केली. अकोल्याहून वाशीमकडे निघालेला रस्ता घाट चढण्यापूर्वी या गावात क्षणभर विसावा घेतो. टेकडीवर रेणुकामाता, डोंगराच्या अंगात कोरलेली जुनी लेणी. (त्या लेण्यांत राहून गेलेल्यांचा मला अनेकदा हेवा वाटला. त्यांना घरमालक नव्हता आणि लाकडी पलंगही नव्हता.) एका वृद्ध विधवाबाईंच्या कवेलूच्या घरातली दोन खोल्यांची जागा मी घेतली. आतल्या खोलीत त्यांच्या लग्नातला सागवानी पलंग होता. तो दारातून बाहेर निघत नसे, म्हणून खोलीबरोबर तोही भाड्याने मिळाला. गाद्या मात्र माझ्या, आमच्याच शेतातल्या कापसाच्या, आईने पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या. आठव्या रात्री अंगाची आग होऊन दिवा लावला, तेव्हा त्या पलंगावर आणि त्या गादीवर, दोन्हींवर, त्यांची धावपळ चालली होती.

सकाळी मी आजींना सांगितले. त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हळू बोला गुरुजी," त्या म्हणाल्या. "माह्या घरात कधी ढेकून नव्हता. तुमच्या गाद्यासंगं आले असतीन."

आता हा वाद पुराव्याने सुटण्यासारखा होता. ढेकणाचे अंडे फुटायला आठवडाभर लागतो. पुढे पाच वेळा कात टाकल्यावाचून तो मोठा होत नाही, आणि दर कात टाकण्याआधी त्याला रक्ताचे जेवण लागते. पलंगाच्या खाचांत काळ्या ठिपक्यांचे थर होते, वाळलेल्या काती होत्या. आठ दिवसांत एवढा संसार कोणी थाटत नाही. मी हे सारे समजावून सांगितले. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा म्हणाल्या, "तरी पण हळू बोला."

पुढे आठवडी बाजारात माझ्या आधीचा भाडेकरू भेटला. मी काही बोलण्याआधीच त्याने हसून विचारले, "अजून हायत का ते?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

हे उत्तर मला कित्येक दिवस पुरले. वर वर पाहता ते बिनतोड आहे. तो खोटे बोलला नव्हता. आजींनी तरी ढेकणांबद्दल तोंडाने काय सांगितले होते? काहीच नाही. आपण दुपारी घर पाहतो, भिंती पाहतो, नळ सोडून बघतो; ढेकूण दुपारी दिसत नाही, आणि जे मनातही आलेले नसते ते विचारायचे कसे? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने हे चांगले ओळखले आहे. त्याचे १०८ वे कलम म्हणते की मालमत्तेत जो मोठा दोष भाड्याने देणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणारा नाही, तो देणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. विचारले नाही, ही सबब तिथे चालत नाही.

इंग्रजी न्यायालयांत तर हा प्रश्न खुद्द ढेकणांवरूनच निघाला होता. ब्रायटन येथे सर थॉमस मॅरेबल नावाच्या गृहस्थांनी सामानसुमानासह एक घर पाच-सहा आठवड्यांसाठी घेतले, भाडे आठवड्याला ८ गिनी. घर ढेकणांनी भरलेले निघाले. साहेबांनी एका आठवड्याचे भाडे देऊन किल्ल्या परत केल्या; मालकाने उरलेल्या भाड्यासाठी दावा लावला. १८४३ साली न्यायालयाने भाडेकरूला सोडवले: राहायला दिलेले सजवलेले घर राहण्याजोगे असलेच पाहिजे. पण थोड्याच काळात दुसऱ्या एका खटल्यात, रिकाम्या घरातल्या ढेकणांसाठी मात्र ही सवलत नाही, असे ठरले. म्हणजे थोडक्यात, ज्याचा पलंग त्याचे ढेकूण! आमच्या खटल्यात पलंग आजींचा आणि गादी माझी. तो न्यायाधीशही गोंधळला असता.

आपल्या पंचतंत्रात याहून जास्त शहाणपण आहे. राजाच्या शय्येत मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखाने राहत असते. एक ढेकूण पाहुणा येतो. ती नको नको म्हणत त्याला ठेवून घेते, आणि तो उतावीळपणे राजाला चावतो. सेवक दिवे घेऊन धावतात. ढेकूण फटीत पसार होतो, सापडते ती ऊ, आणि तीच चिरडली जाते. घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणात नेमके हेच घडते. ज्याने चावा घेतला तो फटीत असतो, आणि दिवा घेऊन आपण शोधतो तो समोर दिसणारा माणूस.

शेवटी फवारणीचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला. आजींची अट एकच होती: फवारणीवाल्याने अंधार पडल्यावर यावे आणि पंप पोत्यात झाकून आणावा. तसाच तो आला. आमची आणि शेजाऱ्यांची भिंत एक. त्यांना कळू द्यायचे नव्हते, म्हणून त्यांच्याकडे फवारणी झाली नाही. महिन्याभरात ढेकूण परत आले.

या लाजेला खरे तर आधार नाही. ढेकणाला घाण लागत नाही. त्याला माणूस लागतो. २०२३ च्या शरदात पॅरिससारख्या शहरात त्याने हाहाकार उडवला, मग पातूरच्या एका पलंगाने मान खाली का घालावी? १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध देशभर मोहीम सुरू झाली आणि घरांच्या भिंतींवर डीडीटी मारले जाऊ लागले. फवारणी डासांसाठी होती, पण लोक खूश झाले ते ढेकूण मेले म्हणून. पुढे ढेकूण त्या औषधालाही पुरून उरले, ते असो. पण ती फवारणी ओळीने घरोघर होई; हे घर स्वच्छ, ते घर घाणेरडे असे कोणी म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. आता प्रत्येकाचा ढेकूण खासगी झाला आहे.

२०१३ मध्ये माझी अकोल्याला बदली झाली. खोली पाहायला एक तरुण जोडपे आले. बाईंच्या कडेवर चार महिन्यांचे मूल. मी आजींना आधीच सांगून ठेवले होते की मला विचारले तर मी खरे ते सांगणार, आणि त्या म्हणाल्या होत्या, "इचारलं तर ना." त्या तरुणाने विचारले, पण ढेकणांबद्दल नाही. "घर कसं हाय, गुरुजी?" एवढेच. कायद्याने मी बांधलेला नव्हतो. तो बोजा घर देणाऱ्यावर आहे, सोडणाऱ्यावर नाही. छपरीत आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबलेला मला दिसला.

मी सांगितले. जोडपे नमस्कार करून गेले. खोली तीन महिने रिकामी राहिली.

आजींना भाड्याखेरीज दुसरे उत्पन्न नव्हते. सामान बांधत होतो तेव्हा त्या दारात येऊन म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं काय गेलं?" रागाने नव्हे; खरोखरच हिशेब विचारावा तसे. माझे काहीच गेले नव्हते. सत्य मी बोललो आणि त्याची किंमत त्यांच्या पदरातून गेली. अनामतीतला एक महिना मी त्यांच्याकडेच राहू दिला. तो त्यांनी आठवड्याने एका मुलाच्या हाती अकोल्याला परत पाठवला.

तरीही त्या मुलाच्या अंगावरचे वळ डोळ्यांसमोर आणले की वाटते, सांगणे भागच होते. माझे भांडण आहे ते एकट्याने सांगण्याशी. एकाच घराने खरे सांगितले की तेच घर बदनाम होते, आणि गप्प बसलेल्या दहा घरांना भाडेकरू मिळतात. न्यूयॉर्क शहराने २०१० पासून प्रत्येक घरमालकाला नव्या भाडेकरूच्या हाती मागच्या वर्षातला ढेकणांचा इतिहास लेखी द्यायला लावले. सगळ्यांनाच सांगावे लागते, तेव्हा सांगणाऱ्याकडे कोणी बोट दाखवत नाही. आजींना तसे काही मिळाले असते, तर पंप पोत्यात झाकून आणावा लागला नसता आणि भिंतीपलीकडेही फवारणी झाली असती.

अकोल्याला नव्या घरमालकांच्या अंगणात सामान उतरवण्याआधी मी त्यांना गाद्यांचे सांगितले. त्यांनी विचारले नव्हते. ते गृहस्थ दोन पावले मागे सरले, मग गाद्यांकडे बोट करून म्हणाले, "या आत नाही यायच्या." मे महिना होता. अकोल्याचे ऊन ढेकणांना पुरेल असे मी म्हणून पाहिले, पण त्यांनी मान हलवली. आईने भरून घेतलेल्या दोन्ही गाद्या मी गावाबाहेर नेऊन जाळल्या, आणि पाऊस लागेपर्यंत चटईवर झोपलो.